आई-बाबांना अमेरिकेतले 'दगड' दाखवायचेत, स्टेट पार्क सुचवा

जुन्नरची_माहेरवाशीण
नमस्कार मंडळी,
आई-बाबा दुसऱ्यांदा येताहेत. मागच्या खेपेला नायगरा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि बसच्या टूरमधून ग्रँड कॅन्यन असं सगळं झालं. यावेळी ऑक्टोबरात सहा दिवस हातात आहेत, लास व्हेगासला उतरून गाडी भाड्याने घ्यायचं ठरतंय. ऑफिसमधल्या मैत्रिणीने युटामधल्या गॉब्लिन व्हॅली स्टेट पार्कचे फोटो दाखवले आणि मी तेव्हापासून हटूनच बसलेय. हजारो दगडी भूछत्र्या, एकमेकींशी कुजबुजत उभ्या असल्यासारख्या! व्हॅली ऑफ फायरचंही नाव ऐकलंय.
अडचण अशी की बाबांना फोटो दाखवला तर म्हणाले, "दगड बघायला एवढ्या लांब? आपल्या नाणेघाटात काय कमी हायेत का?" बाबांनी जन्मभर विहिरींची कामं केली, मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण यातच आयुष्य गेलं, त्यामुळे त्यांना दगडाचं अप्रूप वाटावं तरी कसं. आईचा गुडघा दुखतो, जास्त चढ-उतार नको. मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला फक्त चढ आणि चढच हवेत.
कोणी गेलंय का? एवढं ड्रायव्हिंग करून जाण्यासारखं आहे का, खरं सांगा.

वाळवंटी_उंट
मी व्हेगासच्या शेजारीच राहतो, त्यामुळे व्हॅली ऑफ फायरबद्दल हक्काने बोलतो. शहरातून तासाभरात पोचता. नेवाडाचं हे सगळ्यात जुनं स्टेट पार्क आहे, १९३५ चं. लाल रंग इतका भडक की पहिल्यांदा बघणाऱ्याला फोटोत काहीतरी केलंय असंच वाटतं. ती मूळची वाळूची टेकाडं, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीची, दाबून दाबून दगड झालेली, आणि त्यातल्या लोहाला गंज चढून लाल झालेली.
आईंसाठी: सेव्हन सिस्टर्स आणि बीहाइव्ह्ज अगदी रस्त्याला लागून आहेत, गाडीतून उतरलं की समोर. एलिफंट रॉक थोडंसंच चालून. माउसेस टँकची वाट वाळूची आहे पण जवळजवळ सपाट. अ‍ॅटलाटल रॉकला मात्र लोखंडी जिना आहे, तिथे आईंना खाली बाकावर बसवा.
दोन गोष्टी लक्षात ठेवा. नॅशनल पार्कचा वार्षिक पास स्टेट पार्कात चालत नाही, फी वेगळी भरावी लागते. आणि उन्हाळ्यात इथे उष्णतेमुळे काही ट्रेल चक्क बंद ठेवतात, ऑक्टोबर बरा.

चिंगी
एलिफंट रॉकची सोंड पाहून माझी मुलगी म्हणाली, "आई, गणपती बाप्पा इथे सुट्टीवर आलाय." बास, त्यानंतर आम्ही त्याला दुसऱ्या नावाने हाक मारलीच नाही.

स्पष्ट_बोलतो
वेगळं मत मांडतो, राग मानू नये. आम्ही गॉब्लिन व्हॅलीला गेलो होतो जुलैमध्ये. वर ऊन, खाली ऊन, सावली शोधून सापडेना, पहिली वीस मिनिटं वा वा आणि मग मुलांचं "आता काय करायचं" सुरू. एका दिवसात आठ-नऊ तास गाडी चालवून जर वीस मिनिटंच बघायचं असेल तर वयस्कर माणसांना घेऊन कशाला? त्यापेक्षा झायन नॅशनल पार्कला जा, नदी आहे, सावली आहे, शटल आहे.

भूगर्भी
@स्पष्ट_बोलतो, जुलैत दुपारी वाळवंटात गेलात, त्यात त्या बिचाऱ्या दगडांचा काय दोष 🙂
माहेरवाशीण, बाबांचा हात दगडावरून फिरलेला आहे ना, मग तर नक्की न्याच. कारण हा दगड त्यांच्या ओळखीचा नाही. आपला दख्खन म्हणजे लाव्हाचे थर, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, कठीण बेसॉल्ट. गॉब्लिन व्हॅलीत एन्ट्राडा नावाचा वालुकाश्म आहे, सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्राचा उथळ काठ होता, भरती-ओहोटीत वाळू, गाळ आणि चिखल आलटून पालटून बसत गेला. त्यामुळे एक थर जरा टणक, त्याच्या खालचा भुसभुशीत. खालचा लवकर झिजतो, वरचा टोपीसारखा राहतो, झाली भूछत्री.
आता त्या गोल का असतात ते सांगतो. दगडाला आधी उभ्या-आडव्या भेगा पडून चौकोनी ठोकळे झालेले असतात. खडीसाखरेचा खडा तोंडात ठेवला की कोपरे आधी विरघळतात आणि खडा गोल होत जातो ना, अगदी तसंच. कोपऱ्याला पाणी-वारा तीन बाजूंनी लागतो, कडेला दोन बाजूंनी, सपाट अंगाला एकाच. मग कोपरा आधी जाणार, उरतं ते गोलमटोल.

चिंगी
खडीसाखरेचं उदाहरण लेकीला वाचून दाखवलं. डबा आता वरच्या फळीवर ठेवावा लागलाय.

सह्यवेडा
पुण्यातून लिहितोय, अमेरिका पाहिलेली नाही, पण बाबांची बाजू घ्यायला आलोय. जुन्नरचं माणूस म्हणतंय दगड काय कमी आहेत, तर खरंच कमी नाहीत हो! नगर-कल्याण रस्त्यावर आणे घाटाजवळ गुळुंचवाडीचा नैसर्गिक पूल आहे, ओढ्याने बेसॉल्ट पोखरून तयार केलेला, लोक शेजारून गाड्या दामटत जातात आणि त्यांना पत्ताही नसतो. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे, भोवऱ्यात अडकलेले गोटे गरागरा फिरून कातळात घडवलेले रांजण. अंधेरीला गिल्बर्ट हिल, बेसॉल्टचे उभे खांब, आणि चहूबाजूंनी इमारती. ते पाहून मला दर वेळी पोटात कालवतं.
आणि एक विनंती, तिकडे ज्याला 'आर्च' म्हणतात त्याला आपल्याकडे 'नेढं' म्हणतात, सुईचं असतं तसं. एवढा सुरेख शब्द असताना आर्च कशाला?

जुन्नरची_माहेरवाशीण
@सह्यवेडा, गुळुंचवाडीचं वाचून दाखवलं फोनवर, बाबा खूश. "बघ, कुणालातरी कळतंय" म्हणाले. भूगर्भींचं पण वाचून दाखवलं तर दोन मिनिटं गप्प आणि मग विचारलं, "म्हंजी तिथं पहार लागायची न्हाई?" मला वाटतं काम झालंय.

टेक्सासची_सुगरण
युटाचं माहीत नाही पण विषय निघालाय तर आमच्या एन्चांटेड रॉकबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ऑस्टिनपासून दोनेक तासांवर, फ्रेडरिक्सबर्गच्या जवळ. गुलाबी ग्रॅनाइटचा एकच एक घुमट, आजूबाजूच्या जमिनीपासून ४२५ फूट उंच, वय सुमारे १०० कोटी वर्षं. कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे त्याचे थर सुटत जातात. रात्री थंडावताना दगड आकसतो आणि कुरकुर आवाज येतात म्हणे, इथल्या मूळ रहिवाशांना तिथे आत्म्यांचा वास वाटायचा.
मला सगळ्यात आवडलं ते माथ्यावर. खोलगट जागांमध्ये पावसाचं पाणी साचून डबकी होतात आणि त्यात बोटाच्या पेरापेक्षा लहान, पारदर्शक, पाठीवर उलटे पोहणारे जीव असतात, फेअरी श्रिम्प. डबकं सुकलं तरी त्यांची अंडी मातीत टिकून राहतात आणि पुढच्या पावसात परत जिवंत. मी पोटावर आडवी होऊन अर्धा तास बघत बसले होते, नवरा वरून हाका मारतोय आणि मी तिथेच. म्हणून डबकं कोरडं दिसलं तरी त्यात पाय देऊ नका.
वीकेंडला आधी बुकिंग करा, पार्किंग भरलं की गेट बंद करतात.

सह्यवेडा
@सुगरणताई, आपल्या सड्यांवरच्या डबक्यांतही त्यांचे चुलत भाऊबंद आहेत बरं का. पावसाळ्यात कातळावर पाणी साठलं की दिसतात. आता पुढच्या वेळी भारतात आलात की आधी तिथे आडव्या व्हा.

कोलंबसकर
पूर्वेकडच्यांसाठी पण कोणीतरी लिहायला हवं. ओहायोत हॉकिंग हिल्स स्टेट पार्क, कोलंबसहून तासाभरावर. वाळवंट नाही, गर्द झाडी, आणि त्यात वालुकाश्माच्या प्रचंड कपारी. अ‍ॅश केव्ह ही ७०० फूट लांब कपार आहे, अर्धचंद्रासारखी, वरून पाण्याची धार पडते. 'अ‍ॅश' अशासाठी की आत राखेचे मोठे ढीग सापडले होते, शेकडो वर्षं इथे माणसं चूल पेटवत आली. तिथपर्यंत व्हीलचेअर जाईल अशी वाट आहे, माझ्या सासूबाईंना मी तशीच नेली. कपारीत पोचल्यावर त्यांनी हळूच एक ओवी म्हणून पाहिली आणि आवाज असा घुमला की चार-पाच अमेरिकन लोक थांबून ऐकत राहिले.

मिसूरीकर
मिसूरीच्या एलिफंट रॉक्सला कोणी जात नाही का? ग्रॅनाइटचे गोटे एकामागे एक, सर्कशीतल्या हत्तींच्या रांगेसारखे. वय दीडशे कोटी वर्षं, त्यातल्या थोरल्या हत्तीचं वजन ६८० टन. आणि तिथे ब्रेल ट्रेल आहे, दृष्टिहीनांसाठी. तिथे मुलांना गोट्यांच्या फटीतून मनसोक्त घुसू देतात.

अनवाणी
चढण्यावरून आठवलं. माहेरवाशीण, तुमच्या मुलाला आधीच समजावून न्या, गॉब्लिन व्हॅलीत दगडांवर चढायचं नाही आणि ढकलायचं तर मुळीच नाही. २०१३ साली तिथे स्काउटच्या मुलांना घेऊन गेलेल्या मोठ्या माणसांनी एक गॉब्लिन (तिथल्या दगडी भूछत्र्यांना हेच म्हणतात) ढकलून पाडला, वर हसत हसत त्याचा व्हिडिओ काढला. कोर्टात म्हणणं काय, तर मुलांवर पडेल म्हणून पाडला. प्रोबेशन झालं, दंड झाला, स्काउटमधून काढून टाकलं. पण तो गॉब्लिन काय परत उभा राहणार आहे का? आपल्याकडे किल्ल्यांच्या दगडांवर बदाम काढून नावं कोरतात ते बघून जेवढा जीव जळतो तेवढाच तो व्हिडिओ बघून जळला होता माझा.

स्पष्ट_बोलतो
ढकलणं चूकच, त्यात वाद नाही. पण "कशालाच हात लावू नका" असं केलं तर लहान मुलांना त्या जागेबद्दल माया कशी वाटणार? आमची मुलं तिथे कंटाळली त्याचं एक कारण हेच, मी सारखा ओरडत होतो हात लावू नको, पाय देऊ नको.

अनवाणी
हात लावू नका कोण म्हणतंय? गॉब्लिन व्हॅलीची खासियतच ती आहे की खाली खोऱ्यात ठरावीक वाट नाही, गॉब्लिनांमधून हवं तसं हिंडा, लपाछपी खेळा. हात लावा, टेकून बसा. चढू नका एवढंच. माझी दोन मुलं तीन तास लपाछपी खेळली, शेवटी अंधार पडला म्हणून आणली. फरक एवढाच की आम्ही एप्रिलमध्ये संध्याकाळी चारला गेलो होतो.

स्पष्ट_बोलतो
बरं, हे मला माहीत असतं तर बरं झालं असतं. लपाछपीचं पटलं.

भूगर्भी
अजून एक: पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवस वालुकाश्मावर कुठेच चढू नये. ओला झाला की आतला चिकटपणा कमी होतो, कोरडा असताना जी कड माणसाचं वजन पेलते ती ओली असताना तुटते.

राजापूरची_गंगा
व्हॅली ऑफ फायरला गेलात तर माउसेस टँकच्या वाटेवर भिंतींकडे नीट बघा, घाई करू नका. लाल दगडावर काळपट साय असते, मँगनीज आणि लोहाची, हजारो वर्षांत चढलेली. ती साय टोचून काढली की खालचा फिका दगड दिसतो, आणि त्या रेषेतून शिकारी, बोकड, वेटोळी उमटलेली. मी राजापूरची, बारसूच्या सड्यावर कातळशिल्पांवरून पाय जपून टाकत मोठी झालेली, आम्हाला लहानपणी ती पांडवांनी काढलेली चित्रं वाटायची. तिथे आडव्या कातळावर, इथे उभ्या भिंतीवर. पण हात तोच वाटतो हो. कशेळीला आडवा कोरलेला हत्ती आहे आणि इथे वाऱ्याने घडवलेला उभा. मी तिथे उभी राहून रडले होते, नवऱ्याला वाटलं पाय मुरगळला.

चिंगी
गंगाताई 🙏 आता मी पण बारसूला जाणार.

हायवे_बारा
रस्त्याचं कोणीच सांगितलं नाही म्हणून सांगतो. व्हेगासहून सरळ गॉब्लिन व्हॅली गाठू नका, सहा तास होतात आणि कंटाळा येतो. पहिला दिवस व्हॅली ऑफ फायर. दुसऱ्या दिवशी ब्राइस कॅन्यन नॅशनल पार्क. तिसऱ्या दिवशी सकाळी ब्राइसपासून अर्ध्या तासावर कोडॅक्रोम बेसिन स्टेट पार्क: ६७ दगडी खांब, सगळ्यात उंच १७० फुटांचा. १९४८ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकची मंडळी तिथे गेली आणि रंग बघून कोडॅकच्या रंगीत फिल्मचंच नाव देऊन आली. खांब कसे झाले यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, कोणी भूकंप म्हणतं, कोणी जमिनीतले झरे. तिथून १२ नंबर हायवे, मग २४ नंबर, कॅपिटल रीफमधून हँक्सविल. हँक्सविलला मुक्काम करा, तिथून पार्क अर्ध्या तासावर.
परतताना आय-७० ने आलात तर आधी टाकी भरा. ग्रीन रिव्हर ते सलाइना शंभराहून जास्त मैलांत पेट्रोल नाही, चहा नाही, काही नाही. आणि नेवाडातून युटात शिरताना घड्याळ एक तास पुढे, हे विसरल्यामुळे आमचं एक बुकिंग हुकलंय.
@सह्यवेडा, कोडॅक्रोममध्ये एक नेढं होतं, शेक्सपियर आर्च नावाचं. २०१९ मध्ये पडलं. कोणी पाडलं नाही, आपलं आपणच पडलं. मी ते आदल्याच वर्षी पाहिलं होतं.

कोलोरॅडोची_मैना
गार्डन ऑफ द गॉड्सला पण जा ना, मस्त स्टेट पार्क आहे, फुकट आहे!

भूगर्भी
@मैना, ते स्टेट पार्क नाही, कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहराचं पार्क आहे. एका रेल्वेवाल्याच्या मुलांनी १९०९ मध्ये शहराला दिलं, अट अशी की लोकांना कायम मोफत राहील. आणि युटाच्या सहलीत ते बसायचं नाही, खूप लांब पडेल.

जुन्नरची_माहेरवाशीण
किती लिहिलंत सगळ्यांनी! हायवे_बारांचा मार्ग तसाच्या तसा उचलतेय. शेवटचे दोन प्रश्न: गॉब्लिन व्हॅलीत आईला खाली उतरावं लागेल का? आणि जेवणाचं काय?

अनवाणी
पार्किंगला लागूनच वर शेड आहे, बाक आहेत, तिथून सगळं खोरं दिसतं. उतरायला पायऱ्या आहेत, थोड्याच, पण परत चढायच्या आहेत हे लक्षात ठेवा. आत दुकान-बिकान नाही, पाणी वाटतं त्याच्या दुप्पट न्या. आणि अंधार पडल्यावर लगेच निघू नका, २०१६ पासून ते डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं पार्क आहे, आकाशगंगा धूर पसरल्यासारखी दिसते.

वाळवंटी_उंट
जवळच लिटल वाइल्ड हॉर्स नावाची अरुंद घळ आहे, लोक सांगतील जा म्हणून. आकाशात कुठेही ढग असेल तर जाऊ नका, पाऊस वीस मैलांवर पडतो आणि लोंढा घळीत येतो.

जुन्नरची_माहेरवाशीण
आलो जाऊन! परवाच पोचलो, आधी इथे लिहितेय, बॅगा अजून हॉलमध्येच आहेत.
व्हॅली ऑफ फायर झकास. एलिफंट रॉकला मुलाने हात जोडले (चिंगीच्या लेकीचं त्याला सांगितलं होतं). माउसेस टँकला गंगाताईंचं ऐकून खूप वेळ थांबलो, आईला एका भिंतीवर हातात हात धरलेल्या माणसांची रांग दिसली, ती म्हणाली "ह्या फुगडीवाल्या बघ."
गॉब्लिन व्हॅलीला चार वाजता पोचलो. आई शेडमध्ये बसणार असं ठरलं होतं, पण खाली बघितल्यावर तिने काठी घेतली आणि निघाली, एकेक पायरी. बाबा मागे हात बांधून सरळ आत गेले, एका गॉब्लिनपाशी थांबले, त्याला टिचकी मारली. कान लावून ऐकलं. परत टिचकी. मग तळहात फिरवला आणि मला दाखवला, सगळा हात तांबड्या वाळूने माखलेला. म्हणाले, "आगं ह्यो पाषाण न्हाई. ह्यो वाळूचा लाडू. ह्याच्यात हीर खांदायला घेतली तर चार दिसात मोकळा, पन बांधून काढल्याबिगर टिकायची न्हाई." मग पुढच्या दगडाकडे. तासभर हेच चाललं होतं, वरची टोपी वेगळी वाजते, खालचा गळा वेगळा, हे मुलाला टिचकी मारून शिकवत होते, दोघेही पार मागच्या खोऱ्यापर्यंत गेले.
सूर्य खाली गेल्यावर सगळ्या सावल्या लांब झाल्या आणि बाबा एकदम थांबले. "वेताळाची पालखी निघाली बघ," म्हणाले. नातू घाबरला नाही, त्याने विचारलं पालखीत पुढे कोण? मग बाबांनी एकेकाला नेमून दिलं, हा मशालवाला, हा ढोलवाला, हा आपला उगाच मागनं चाललेला.
आईने मेतकूट-भाताचा डबा उघडला तेव्हा पूर्ण अंधार होता, वर आकाशगंगा. अनवाणी, तुमचं ऐकून थांबलो म्हणून.

अनवाणी
टिचकी मारून ऐकायचं मला कधीच सुचलं नाही. पुढच्या वेळी मुलांना हेच शिकवणार.

स्पष्ट_बोलतो
वाचलं. मार्चच्या सुट्टीचं हँक्सविलचं मोटेल आत्ताच बघतोय. आई-वडिलांनाही विचारतो.

सह्यवेडा
बाबांना विचारा ना, गुळुंचवाडीचा पूल टिचकी मारल्यावर कसा वाजतो? मी एवढ्या वेळा गेलोय पण वाजवून पाहिला नाही.

जुन्नरची_माहेरवाशीण
विचारलं. म्हणाले, "घंटीवानी. त्यो अस्सल हाय. पुण्याचं हायेत ना ते, डिसेंबरात मी गावाला आलो की या म्हनावं, दावतो."